कचरा डब्यात पडण्याआधी

वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत डंपिंग ग्राउंडचे रूप असे पालटले, की लोक ते पाहायला येऊ लागले. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस झाला, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात गेले. कौतुक यंत्रांचे झाले, पण खरे काम उंबऱ्यावर झाले होते. कचरा वेगळा करूनच दिला जात होता. माशाचे काटे, करवंटी आणि दुधाची पिशवी एका डब्यात गेली की तिन्ही वाया जातात. माखलेली पिशवी भंगारवाला घेत नाही, आणि ढिगाच्या पोटात हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन सुटतो. वजनाला वजन धरले, तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवतो. बंद टाकीत धरला तर तोच चुलीला इंधन!

मग महाविद्यालय किंवा विद्यापीठाच्या आवारात हे का जमू नये? ‘मुले ऐकत नाहीत’ ही सबब मला पटत नाही. गावात शेकडो दुकाने; इथे कँटीन एक, ठेकेदार एक. कागदी कप बंद आणि स्टीलचे पेले सुरू, एवढी अट करारात घातली तरी रोजचा ढीग कमी होतो. कोकणात एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते, मग भांडी धुवायची कशी, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय आहे: खरकटे आधी निपटून काढायचे, नळ वाहता न ठेवता टबांत विसळायचे आणि शेवटच्या टबातले पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरायचे.