लोकर, चिंध्या आणि प्राथमिक शाळा

प्राथमिक शाळेच्या कार्यानुभवात रंगीत लोकर बहुधा दुकानातून पाकीटबंद येते. सातारा-सांगलीकडच्या शाळांना तिची फारशी गरज नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत धनगरांची मेंढरं आहेत. दख्खनी मेंढीच्या काळ्या-करड्या लोकरीची घोंगडी सनगर समाजाचे विणकर पिढ्यान् पिढ्या विणत आले. विट्यात यंत्रमाग आहेत, शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात आणि वाकळ शिवणारी आजी अजूनही गावोगाव भेटते.

शिकवण्याची सुरुवात विणकामापासून करू नये. पहिली-दुसरीच्या मुलांनी आधी कापूस, लोकर, काथ्या, सुतळी हाताळून वेगळी करावी. कापसाचा पुंजका ओढला की तुटतो, पण ओढता ओढता पीळ दिला तर त्याचाच धागा होतो. ही गोष्ट सांगण्यापेक्षा करून पाहिली की पक्की कळते. या वयात चिंध्या फाडणं, काठीला सुतळी गुंडाळणं, गाठ मारणं, तीनपदरी वेणी घालणं एवढं पुष्कळ झालं.

तिसरीपासून पुठ्ठ्याचा माग घेता येतो. पुठ्ठ्याच्या वरच्या-खालच्या कडांना सेंटिमीटरभर अंतरानं खाचा पाडून ताणा म्हणजे उभा धागा भरायचा आणि बोथट जाड सुईनं बाणा म्हणजे आडवा धागा घालायचा. पहिल्या ओळीत ज्या धाग्यावरून गेलो, दुसऱ्या ओळीत त्याच्याखालून जायचं. हे चुकलं की वीण धरत नाही, आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते. दुसरी हमखास अडचण कडांची. मुलं बाणा घट्ट ओढतात, कडा आत येतात आणि पट्टी मध्ये आवळत जाते. त्यावर ओरडून उपयोग नाही. बाणा सरळ न ओढता कमानीसारखा सैल टाकावा आणि मग कंगव्यानं खाली ठोकावा, म्हणजे धाग्याला वर-खाली वळायला लांबी पुरते.

घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे धाग्याचे तंतू बसतात आणि धागा विणताना तुटत नाही. चिंचोके भाजून, सोलून, दळून शिजवलेली हीच खळ कागदावर चिंध्या, गोणपाट, वाळकी पानं चिकटवायलाही चालते. मिश्र माध्यमाच्या चित्राला आणखी काय हवं? जोंधळ्याच्या ताटाचं भेंड आणि वरचं सोलपट घेऊन खेड्यातली मुलं बैलगाड्या करतच होती. त्यालाच लोकर गुंडाळली की उभी शिल्पं होतात.

रंगासाठी सांगलीची हळद आहे. हळदीत रंगवलेला कापूस पिवळा होतो, चुन्याच्या निवळीत बुडवला की तांबडा. मात्र हा पिवळा उन्हात उडतो. अर्धी चिंधी झाकून ऊन दाखवलं की आठवड्याभरात फरक दिसू लागतो.

चौथीत धावदोरा शिकवावा. प्रत्येकानं वीतभर चौकोनावर ठिगळं लावायची आणि सगळे चौकोन जोडून वर्गाची वाकळ करायची. टाके वाकडे येणारच. ते रात्री घरी आईनं उसवून सरळ केले, तर मूल्यमापन आईचं होतं.

शाळेत धागा पूर्वीही होता. 1937च्या वर्धा योजनेत टकळीवरच्या सूतकताईसारखा हस्तोद्योग शिक्षणाचा पाया मानला गेला, पण मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेवर तेव्हाच टीका झाली. कलेच्या तासाला मालाचा हिशेब नसतो, तरीही प्रदर्शनासाठी एकसारख्या तीस वस्तू करून घेण्याचा मोह शाळांना होतोच.

लोकरीच्या वस्तू वर्षभर ठेवायच्या तर त्यांना कसर लागते. त्या कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा सुका पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उन्हात काढाव्यात.