हडसनचा मासा : माणसाचे माप आणि पाणमांजराचे माप

उन्हाळा आला की गळ घेऊन नदीवर जायचे बेत होतात, आणि ताजा मासा मिळाला की कालवण ओघानेच आले. न्यूयॉर्क परिसरातल्या मंडळींसाठी म्हणून हडसन नदीविषयी थोडी माहिती.

जनरल इलेक्ट्रिकच्या हडसन फॉल्स व फोर्ट एडवर्ड येथील कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी ही रसायने नदीत गेली. ती गाळात बसतात आणि माशांच्या चरबीत साठतात. नदी साफ करण्याआधी ईपीए या सरकारी संस्थेने धोक्याचे दोन हिशेब केले.

पहिला माणसाचा. यात एकेका व्यक्तीचा विचार होतो. वर्षानुवर्षे दर आठवड्याला अर्धा पौंड मासा खाल्ला तर कर्करोगाची शक्यता किती वाढेल? दहा हजारांत एक ही वरची मर्यादा. वरच्या हडसनमध्ये ती ओलांडली गेली.

दुसरा निसर्गाचा. इथे एखादे पाणमांजर दगावले का, हा प्रश्न नसतो. पिल्ले होतात का, त्यांची संख्या टिकते का, हे पाहतात.

२००२ च्या निर्णयात माणसासाठी उद्दिष्ट ठरले दहा लाख भागांत ०.०५ भाग पीसीबी, पाणमांजरासाठी ०.०३ ते ०.३. आकडे जवळचे, पण माप निराळे. माणसाचा आकडा फिलेचा, म्हणजे नुसत्या मांसाचा. पाणमांजराचा अख्ख्या माशाचा, कारण ते डोके, काळीज, चरबी सगळेच खाते.

आता आपले ताट पाहा. डोक्याचे कालवण, गाबोळी, रश्श्यावरची तेलाची तर! हिशेबातला माणूस असा जेवतच नाही. आपण पाणमांजराच्या जवळचे.

२००९ ते २०१५ मध्ये २६ लाख घनयार्डांहून अधिक गाळ उपसला गेला. तरीही हडसन फॉल्स ते ट्रॉय या पट्ट्यातला मासा कुणीच खाऊ नये, असा राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. खाली तो माशाच्या जातीप्रमाणे बदलतो. स्त्रिया व मुलांसाठी अधिक कडक असतो. जिथे हरकत नाही तिथेही डोके, कातडी, चरबी व आतडी काढून टाकावीत. खेकड्यातला हिरवट भाग आणि उकडलेले पाणी वापरू नये. पारा मात्र मांसातच असतो, तो असा निघत नाही.

तेव्हा गळ टाकण्याआधी त्या जागेचा चालू सल्ला पाहून घ्या. आणि भारतातून आलेल्या आजींनाही समजावा : इथे माशाचे डोके टाकणे हा माज नव्हे.