न झालेल्या साखरेचे पैसे

12.40 आणि 12.50 यांत फरक केवढा? बिद्रीच्या ऊसवाल्याला विचारा. तो लगेच सांगेल, टनाला 34 रुपये 60 पैसे. ज्याचा ऐंशी टन ऊस गेला, त्याच्या खात्यात या एका दशांशाने 2,768 रुपये इकडचे तिकडे होतात.

हा आकडा म्हणजे साखरेचा उतारा: शंभर किलो ऊस गाळला तर किती किलो साखर पोत्यात पडली, एवढंच. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवला आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. समजा उतारा 12.50 आला, तर टनाचे 4,328 रुपये 50 पैसे झाले. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करायची, राहील ते शेतकऱ्याचं. ऊसदराची भांडणं इतकी वर्षं ऐकूनही ही आकडेमोड पहिल्यांदा स्वतः कागदावर मांडली की माणूस चाट पडतो. प्रयोगशाळेतला एक दशांश थेट कायद्याने मिळणारा हक्क होऊन बसलाय.

कागल तालुक्यातला श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना लोकांच्या तोंडी नुसता ‘बिद्री’ आहे. नावातल्या दोन्ही नद्या पुढे कर्नाटकात भोजजवळ एकमेकींना मिळतात. या पट्ट्याला पाणी आहे, जमीन कसदार आहे आणि कोल्हापूरचा उतारा राज्यात नेहमीच वरचा. त्यामुळे उताऱ्याच्या कायद्यात काही हललं की सर्वांत आधी इथे जाणवतं.

आता हा उतारा समजतो कसा, ते बघण्यासारखं आहे. पोती मोजून पक्का आकडा मिळतो, पण तो हंगाम संपल्यावर. हंगाम चालू असताना काही साखर पॅनमध्ये आणि टाक्यांत रस-पाकाच्या रूपात अडकलेली असते. म्हणून लॅबमध्ये रसाचा नमुना घेतात, त्यात लेड सबअसिटेटची चिमूट टाकून गाळ खाली बसवतात, नितळ रस काचेच्या लांब नळीत भरतात आणि त्यातून ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा, प्रकाश सोडतात. साखर त्या प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवते! साखर जास्त, तर वळण जास्त. बियो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1815 च्या सुमारास हे हेरलं होतं. दोनशे वर्षांनी त्याच वळणावरून साखर कारखान्याचा केमिस्ट रसात किती साखर आहे ते सांगतो. मग बगॅसमधून म्हणजे चिपाडातून किती गेली, प्रेसमडमधून म्हणजे रसाच्या गाळातून किती, मळीतून किती, याचा ताळा जमवतो.

इथवर ठीक होतं. गुंता वाढवला इथेनॉलने. पूर्वी मळीतून काढता येईल तेवढी साखर काढून झाल्यावरच ती मळी डिस्टिलरीला जायची. आता साखर शिल्लक असलेली बी-हेवी मळीच इथेनॉलला देतात, काही ठिकाणी तर थेट रस. साहजिकच पोत्यांत पडणारी साखर कमी होते आणि बी-हेवीत उतारा एक-दीड टक्क्याने खाली दिसतो. पण शेतकऱ्याच्या उसात ती साखर होतीच की! मग पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तपासून दाखला देते की अमुक कारखान्याचा इथेनॉलमुळे इतका उतारा घटला, आणि तेवढा आकडा उताऱ्यात परत मिळवला जातो. जी साखर कधी झालीच नाही, तिचं वजन काढून तिचे पैसे देणं, याहून अजब हिशेब आपल्या कायद्यात फारसा सापडणार नाही. त्यात सरकारचं धोरणही एका जागी उभं राहत नाही. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने ऐन हंगामात रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामापुरती उठवली. डिस्टिलरीसाठी कर्ज काढून बसलेल्यांचं त्या आठवड्यात काय झालं असेल, विचारू नका.

खरी खडाजंगी झाली ती मात्र वेगळ्याच प्रश्नावर: कोणत्या वर्षीचा उतारा धरायचा? 1966 चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो की ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. टनाला 3,400 रुपये धरले तर उशिराच्या दर दिवसाला टनामागे साधारण एक रुपया चाळीस पैसे. पण ऊस नोव्हेंबरात गेला तर चौदा दिवसांत यंदाचा उतारा कुणाला ठाऊक असणार? म्हणून गेल्या हंगामाचा धरायचा, अशी चाल होती. राज्य सरकारने 21 फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने ती मोडली. आधी महसूल विभागानुसार ठरवलेल्या पायाभूत उताऱ्याने एक हप्ता द्यायचा आणि हंगाम संपल्यावर चालू वर्षाच्या खऱ्या उताऱ्याने फरक चुकता करायचा. कारखानदारांचं म्हणणं असं की यंदाच्या उसाला यंदाचा उतारा, यात वाकडं काय? सोसायटीचं कर्ज, खताची उधारी आणि पोराची फी भरायची असलेला शेतकरी म्हणत होता, हप्ते तुमच्या सोयीचे, व्याज माझ्या बोकांडी. मला शेतकऱ्याची बाजू जास्त पटते. चौदा दिवसांची अट त्याच्यासाठीच होती.

शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. 17 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राने नियंत्रण आदेश काढून एक चौकट घातली आहे, राज्याला शासन निर्णयाने ती मोडता येत नाही, असा त्याचा गाभा. शेट्टींच्या संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत वर्षानुवर्षं दिली जाणारी ‘एकरकमी’ची, म्हणजे सगळी एफआरपी एकाच वेळी देण्याची, घोषणा न्यायालयाच्या निकालात उतरली.

याहून खोल प्रश्न प्राप्तिकर खात्याने विचारला होता. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासद हाच मालक. त्याला किमान दराहून जास्त दिले, तर ती उसाची किंमत की नफ्याची वाटणी? खर्च असेल तर कर नाही, नफा असेल तर कर. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सांगितलं की जादा दरात नफ्याचाही अंश असतो, तो किती हे अधिकाऱ्याने हिशेब करून ठरवावं. तोवर राज्यभर थकीत कराच्या नोटिसांचे ढीग लागले होते. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतचे पैसे खर्च धरायचे, अशी तरतूद 2016-17 च्या करनिर्धारण वर्षापासून आली होती. 2023 च्या अर्थसंकल्पाने त्याआधीच्या वर्षांनाही ती लागू केली आणि अर्थमंत्र्यांनी या सवलतीचा अंदाज सांगितला जवळपास 10,000 कोटी रुपये. एखाद्या गावाचा कारखाना मालकांचा की विक्रेत्यांचा, या कोड्यावर एवढी रक्कम टांगून होती!

आणखी एक बदल मे 2025 मधला. नव्या साखर नियंत्रण आदेशाने 1966 चा जुना साखर नियंत्रण आदेश बाजूला सारला आणि दिवसाला 500 टनांवर ऊस गाळणारे खांडसरी कारखानेही जाळ्यात घेतले, म्हणजे त्यांच्याकडे ऊस घालणाऱ्यालाही एफआरपीची वाट मोकळी झाली. कारखान्यांचा साठ्याचा आणि उत्पादनाचा हिशेबही आता संगणकातून संगणकात, थेट दिल्लीला जाणार. कोल्हापूरचं गुऱ्हाळ मात्र या सगळ्यापासून लांबच आहे. तिथल्या उसाचे किती पैसे होणार हे ठरतं मार्केट यार्डातल्या सौद्यात, ढेपेचा रंग आणि कणी बघून.