आधी ब्रेक, मग इंजिन

कांदिवलीच्या महिंद्रा कारखान्यात बनणाऱ्या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी ब्रेकची वेगळी पेडल्स असतात. एका बाजूचे दाबले की ट्रॅक्टर तिकडेच झटकन वळतो. दुसऱ्या महायुद्धातली ‘युनिव्हर्सल कॅरिअर’ ही पट्ट्यांवर धावणारी गाडी हलके वळण पट्टा किंचित वाकवून घेई, तीव्र वळण मात्र तसेच, एका पट्ट्याला ब्रेक लावूनच. म्हणून तिच्या जीर्णोद्धारात मागचा ॲक्सल आणि ब्रेक इंजिनाच्या आधी दुरुस्त व्हायला हवेत. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातल्यासारखी गाडी उभीच राहणार, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण ट्रेलरवर चढवताना एका बाजूचा ड्रम गंजून अडकला, तर सुमारे चार टनांचे धूड आडवे फिरते. शिवाय जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते; ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नका.