आकाशमार्गे सुपरबग

ज्या पक्ष्याने आयुष्यात औषधाची एकही गोळी घेतलेली नाही, त्याच्या पोटात औषधांना दाद न देणारे जिवाणू येतात कुठून? ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हा प्रश्न अनेकांना पडला. पर्थच्या मर्डोक विद्यापीठातील संशोधकांनी देशभरातील किनाऱ्यांवरून ‘सिल्व्हर गल’ या सीगल पक्ष्याचे पाचशेहून अधिक नमुने तपासले होते. दर पाच पक्ष्यांमागे एकाहून अधिक पक्ष्यांच्या आतड्यात असे ई. कोलाय जिवाणू सापडले, ज्यांच्यावर सेफॅलोस्पोरिन किंवा फ्लुरोक्विनोलोन या गटांतील प्रतिजैविके चालत नव्हती. सेफिक्झिम, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही याच गटांतली नावे आपल्याकडे कितीतरी घरांत ओळखीची आहेत.

त्यातले काही वाण तर माणसांत मूत्रमार्गाचा आणि रक्ताचा संसर्ग घडवणारेच निघाले. म्हणजे जिवाणू मूळचे पक्ष्यांचे नव्हते. ते माणसाकडून पक्ष्यांकडे गेले होते.

उकिरड्यावरचे जेवण

सीगल हा खाण्याच्या बाबतीत अजिबात चोखंदळ नसलेला पक्षी. मासे मिळाले तर मासे, नाहीतर पर्यटकांच्या हातातले चिप्स, बंदरावरची मासळीची घाण, सांडपाण्याच्या तोंडाशी तरंगणारे काहीही आणि शहराबाहेरचा कचरा डेपो. रुग्णाने घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराचसा भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो. त्याच्या आतड्यात तगून राहिलेले चिवट जिवाणूही त्याच वाटेने सांडपाण्यात येतात. जनावरांना आणि कोंबड्यांना दिलेल्या औषधांचेही तेच होते. हे सगळे जिथे साचते, तिथे पक्षी चरतात आणि तेच पाणी पितात.

पक्ष्याच्या आतड्यात पोहोचल्यावर जिवाणू गप्प बसत नाहीत. प्रतिरोधाची जनुके अनेकदा ‘प्लाझमिड’ नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात. एका जिवाणूने या कड्याची नक्कल शेजारच्या जिवाणूला द्यावी, शेजाऱ्याने ती पुढे सरकवावी, असा व्यवहार सतत चालू असतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी बहुधा अडत नाही. एकाच कड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके असली, तर एका झटक्यात त्या सगळ्यांना तोंड देण्याची क्षमता मिळते. पक्षी मात्र ठणठणीत असतो. त्यामुळे तो वाहक आहे, हे वरून कळत नाही.

जिथे दवाखानाच नाही तिथे

पक्ष्याला पंख असतात आणि खरी अडचण तिथून सुरू होते. स्वीडनच्या संशोधकांनी ईशान्य सायबेरिया, उत्तर अलास्का आणि ग्रीनलंड येथील पक्ष्यांचे नमुने तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ९७ पक्ष्यांकडून मिळालेल्या ई. कोलायपैकी आठ नमुने एक किंवा अधिक प्रतिजैविकांना प्रतिरोधक होते. त्या टुंड्रा प्रदेशात औषधांचा वापर जवळपास नाहीच. पण तिथे उन्हाळ्यात वीण करणारे कित्येक पक्षी हिवाळा दक्षिणेच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर काढून आलेले असतात.

कोलिस्टिनचे उदाहरण अधिक बोलके आहे. इतर सगळे उपाय थकल्यावर अतिदक्षता विभागात वापरायचे हे औषध. त्याला निकामी करणारे आणि प्लाझमिडवरून पसरणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. वराहपालनात कोलिस्टिनचा मोठा वापर होत असल्याने शास्त्रज्ञांचा रोख तिकडे होता. जगभर शोधाशोध सुरू झाली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया शहरातल्या केल्प गल या पक्ष्यांच्या आधीच गोळा करून ठेवलेल्या नमुन्यांतही हे जनुक मिळाले. जगाला त्याचा पत्ता लागण्यापूर्वीच ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचले होते. भारताने जुलै २०१९ मध्ये कुक्कुटपालनासह अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या सर्व प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, ती याच चिंतेतून.

भारताशी जोडलेले आणखी एक नाव आहे, ‘एनडीएम-१’. दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८ मध्ये ते प्रथम सापडले. कार्बापेनेमसारखी प्रभावी प्रतिजैविके निकामी करणारे हे जनुक पुढे दिल्लीत साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी दोन नमुन्यांत आढळले. ते निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरील मातीतही त्याचा माग लागला. तिथे ते माणसांबरोबर किंवा पक्षी आणि इतर प्राण्यांच्या विष्ठेतून आले असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे.

घाबरायचे कोणाला?

हे वाचून पक्ष्यांनाच दोषी धरण्याचा मोह होईल. पण पक्ष्याकडून थेट माणसाला असा संसर्ग झाल्याचे ठोस पुरावे अजून थोडेच आहेत. रुग्णालयातील अस्वच्छता, दूषित पाणी आणि औषधांचा बेसुमार वापर हे माणसाच्या दृष्टीने कितीतरी मोठे धोके आहेत. धोका किती, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. जागतिक पातळीवरील एका मोठ्या अभ्यासानुसार २०१९ या एकाच वर्षात औषधप्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गाने थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. त्या वर्षी मलेरियाने किंवा एड्सने घेतलेल्या बळींपेक्षा हा आकडा मोठा आहे.

पक्ष्यांचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. एखाद्या गावाचे सांडपाणी, कचरा आणि पशुपालन यांतून काय बाहेर पडते आहे, हे तिथल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून कळू शकते. अलास्कात कचरा डेपोवर चरणाऱ्या सीगलना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवून ते कुठे कुठे जातात, हे तपासण्यात आले आहे. जिवाणू कोणत्या वाटेने पसरू शकतात, याचा नकाशा अशा कामातून हळूहळू तयार होतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही हे लागू आहे. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत जाणाऱ्या मध्य आशियाई हवाई मार्गावर आपला देश येतो. लडाख, तिबेट आणि मध्य आशियात वीण करणारे कुरव, म्हणजेच सीगल, हिवाळ्यात मुंबईच्या समुद्रावर उतरतात. घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या बोटीतून प्रवासी त्यांना शेव-गाठी भरवतात. कचराभूमीवर घारी, कावळे आणि बगळे बारा महिने चरतात. वसंतात हे कुरव परत निघतात, तेव्हा आपण खाडीत आणि उकिरड्यावर जे सोडले, त्यातले काही त्यांच्या पोटातून उत्तरेकडे जाऊ शकते.

त्यामुळे उपायही माणसाच्याच बाजूचे आहेत. रुग्णालये, औषध कारखाने आणि कुक्कुटपालन केंद्रे यांचे सांडपाणी प्रक्रियेशिवाय सोडू नये. कचरा उघड्यावर साचू देऊ नये. घरच्या पातळीवर सांगायचे तर विषाणूमुळे होणाऱ्या सर्दी-पडशावर प्रतिजैविके चालतच नाहीत, तेव्हा दुकानदाराकडून परस्पर ती घेऊ नयेत. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेष असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे तरी ध्यानात ठेवावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि मुदतीत स्वतःहून बदल करू नये. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत आणि मोरीतही टाकू नयेत.

पक्ष्यांना हाताने भरवणे टाळावे. विष्ठेला हात लागला तर साबणाने धुवावा, खिडकीतली विष्ठा कोरडी झाडण्याऐवजी आधी ओली करून पुसावी. एवढी काळजी पुरेशी आहे. त्यांना हाकलून काही साधणार नाही, कारण जिवाणूंची ही शिदोरी त्यांच्याबरोबर आपणच बांधून दिलेली आहे.