गरम पिकअप, थंड ॲम्प

कल्याण-कर्जत मार्गावर हेवी मेटल वाजवणारी पोरं मोजकीच, पण प्रश्न सगळ्यांचा एकच. "काका, ब्रिजला काय टाकू?" मी विचारतो, "पुढे काय जोडतोस?" हे त्यांना आवडत नाही. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं, मॉडेल हवं असतं, आणि किलोओहमचा आकडा तर हवाच हवा. आकडा मोठा म्हणजे आवाज जड, ही समजूत कुळगावपासून पार वांद्र्यापर्यंत पसरलेली आहे, आणि ती पसरवणारे माझ्याच वयाचे काही जाणकार आहेत. नावं घेत नाही. तेही हा अंक वाचतात.

संपादकांनी 'जास्त आउटपुटच्या पिकअपांचा आढावा' मागितला आहे. तो देतो, पण माझ्या वाटेने. हमबकर म्हणजे काय, चुंबक कुठे असतं, हे सांगत बसणार नाही.

सुरुवातीलाच एक अडचणीची गोष्ट सांगून टाकतो. ज्या संगीतासाठी आपण हे गरम पिकअप धुंडाळतो, ते संगीत मुळात गरम पिकअपवर जन्मलंच नाही. १९७० साली ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा टोनी आयोमीच्या एसजीवर पी-९० होते, साधे सिंगल कॉइल. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणून तारा हलक्या आणि काही काळाने सूरही खाली उतरवलेला. जाडी आली ती ट्रेबल बूस्टरमधून आणि लेनीच्या ॲम्पमधल्या व्हॉल्व्हमधून. अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनखाली बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या कुणाला बर्मिंगहॅमचा हा गडी ऐकवायला हवा होता, असं अनेकदा वाटतं.

गिब्सनसाठी सेथ लव्हरने केलेला हमबकर १९५७ मध्ये गिटारींवर आला. त्याचा रोध साडेसात ते नऊ किलोओहमच्या आसपास. पुढची पंधरा वर्षं जगाचं त्यावर भागलं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन काढला आणि गिटारीतला मूळ पिकअप काढून दुसरा बसवण्याचा धंदा सुरू झाला. त्यामागचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. त्या काळच्या मार्शल ॲम्पला फाटायचं तर आत जाणारं व्होल्टेज जास्त हवं होतं. लॅरीने सिरॅमिक चुंबक लावलं, वेढे वाढवले आणि ते व्होल्टेज पुरवलं. आयर्न मेडनच्या डेव्ह मरेने सुरुवातीच्या काळात हाच पिकअप वाजवला. नंतर सांता बार्बराचा सेमूर डंकन आला, त्याचा जेबी आला, तो मेगाडेथच्या डेव्ह मस्टेनच्या हातात गाजला. मग तीन सिरॅमिक चुंबकांचा इन्व्हेडर. मग डाइमबॅग डॅरेलमुळे बिल लॉरेन्सचा एल-५००एक्सएल. त्यानंतरची यादी मी देत नाही. नवी खोकी, नव्या सह्या, आणि आत बहुतेक वेळा याच दोन-तीन कल्पना.

आता ओहमचा आकडा. मल्टिमीटर लावून पिकअपची जात ठरवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. मीटर दाखवतो तो तारेचा रोध, पिकअपचा जोर नव्हे. तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांना रोध वाढतो. अमेरिकन ४२ गेजऐवजी ४४ घेतली तर दीडपटीहून जास्त. जेबी सोळा किलोओहमच्या वर जातो, सुपर डिस्टॉर्शन चौदाच्या आत राहतो. दोन्ही एकाच गिटारीत लावून पाहा आणि मग सांगा, कोण कुणाला ऐकतं. शिवाय वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, अनुनादाचं शिखर खाली सरकतं आणि वरचा चावा जातो. खालची तार 'बी'पर्यंत उतरवलेल्या गिटारीत असा पिकअप म्हणजे निव्वळ चिखल. सुटी नोट कुठली आणि कॉर्ड कुठली, हे वाजवणाऱ्यालाही कळत नाही.

गेजचा विषय निघालाच आहे तर उल्हासनगरकडे वळू. पंख्याच्या, मिक्सरच्या, पंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्यांकडे मेलेले पिकअप घेऊन जाणारी पोरं या भागात बरीच होऊन गेली. कुठेतरी वाचलेलं असायचं, ४२ नंबरची तार. दुकानदारही ४२ नंबरचीच द्यायचा. पण त्याचा नंबर ब्रिटिश गेजचा. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर, आणि ब्रिटिश ४२ म्हणजे ०.१०२. या जाड तारेचे बॉबिनवर निम्मेही वेढे बसत नाहीत. जुन्या गिब्सनच्या एका कॉइलला साधारण पाच हजार वेढे लागतात. पोरं दोन हजारांवर अडायची आणि वाइंडिंगवाल्याला नावं ठेवायची. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याला ब्रिटिश ४६ सांगितली असती तर त्याने जवळपास हव्या त्याच जाडीची दिली असती. ब्रिटिश ४७ ही तर थेट अमेरिकन ४४च्या जाडीची.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो भाग. आपल्याकडे जास्त आउटपुटचा पिकअप मेटलवाल्यांनी आणला नाही. तो बँजो पार्ट्यांनी आणला. हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे आणि लेदर जॅकेटवाल्यांनी दर वेळी हसण्यावारी नेलं आहे.

गणपतीच्या मिरवणुकीतला आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोत. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिताने टाइपरायटरच्या कळांवरून ते वाद्य केलं. आपल्याकडे आल्यावर त्याला पिकअप लागला आणि त्याचा स्वभावच बदलला. टेम्पोवर जनरेटर, वर भोंगे, पुढे ढोल-ताशा, बाजूला पॅड, आणि या सगळ्यातून बँजोची चाल शेवटच्या रांगेतल्या नाचणाऱ्याला ऐकू गेली पाहिजे. याहून जड संगीताची अट मला तरी माहीत नाही. मधे पेडल बहुधा नसायचं. बँजो थेट मिक्सरला किंवा पीए ॲम्पच्या इनपुटला जायचा, तोही लांबलचक वायरने. म्हणजे लागणारं सगळं व्होल्टेज पिकअपनेच द्यायचं. इथे वेढे वाढवण्याला खरोखर अर्थ होता. लांब वायरमुळे वरचं कर्कश टोक कापलं जायचं, तेही बँजोच्या पथ्यावरच पडायचं, कारण त्याच्या स्टीलच्या तारांत कर्कशपणा मुळातच जास्त.

चुंबकासाठी फुटलेला स्पीकर पुरायचा. ज्या 'सिरॅमिक'साठी आज पोरं हजारो रुपये मोजतात ते म्हणजे फेराइट, स्पीकरच्या पाठीवर काळं कडं असतं तेच. तारा एकमेकींना खेटून, म्हणून प्रत्येक तारेखाली वेगळा खिळा ठेवण्याऐवजी एकच सलग लोखंडी पट्टी. बिल लॉरेन्सच्या ज्या ब्लेडचं इतकं कौतुक होतं, तिचं तत्त्व हेच : तार बाजूला सरकली तरी आवाज पडत नाही. भोंग्यासमोर पिकअप शिट्टी मारायला लागला की कॉइल मेणात बुडवायची. एडी व्हॅन हेलननेही आपला पिकअप पॅराफिनमध्येच बुडवला होता. त्याच्यावर पुस्तकं निघाली. आमच्याकडे मेणबत्त्या वितळवून हेच करणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मी स्वतः गिटारवाला. पण पिकअप ऐकायला शिकलो ते भाद्रपदात, रस्त्याच्या कडेला उभा राहून. ढोलाच्या ठेक्यात चाल गिळली जाते आहे की टिकून आहे, एवढंच ऐकायचं. पुढे स्टुडिओत ड्रमर जोरात सुटला की मी तीच परीक्षा लावायचो. रवी जाधवांनी २०१६ मध्ये 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, पण तोवर आमच्या भागात पार्ट्यांची जागा डीजेच्या भिंतींनी घ्यायला सुरुवात केली होती. आता मिरवणुकीत वाजतो तो पेन ड्राइव्ह. त्याला पिकअप लागत नाही.

गिटारींकडे परत येऊ. आमच्या पिढीकडे व्हॉल्व्हचा ॲम्प नव्हता. होता तो ट्रान्झिस्टरचा, आणि त्याच्या आधी झूम ५०५ किंवा बॉसचा मेटल झोन. मेटल झोन १९९१चा. त्याची गेनची चकती अर्ध्यावर ठेवली तरी नेक पिकअपसुद्धा दरोडेखोरासारखा आरडाओरडा करतो. त्यात गरम पिकअप घालून काय मिळणार? पेडल आधीच काठोकाठ भरलेलं. वरून ओतलं ते सगळं खरखरीत गेलं. मार्शलच्या तोंडात व्होल्टेज घालायला जन्मलेली वस्तू आपण मार्शल नसताना विकत घेत राहिलो. १९९०च्या सुमाराला स्वीडनमधल्या एंटूम्ब्डने बॉसच्या एचएम-२ पेडलवर अख्ख्या शहराचा आवाज बेतला. त्यांच्या पिकअपचं नाव आज कुणी विचारत नाही.

आपल्याकडे हमबकर लागतो तो वेगळ्याच कारणाने. दोन हजारच्या दशकात मुंबईत दिवे असायचे आणि बदलापुरात लोडशेडिंग. सराव इन्व्हर्टरवर. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट आणि ट्यूबलाइटचा चोक एकत्र आले की सिंगल कॉइलवाल्याने गिटार पेटीत ठेवावी. अर्थिंग नसलेल्या जुन्या इमारतीतली भुणभुण मात्र हमबकरनेही जात नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवावा, पिकअपवर पैसे घालू नयेत.

ॲक्टिव्ह पिकअपबद्दल थोडक्यात. ईएमजी ८१, नऊ व्होल्टची बॅटरी, पोटात प्रीॲम्प. बॅटरी म्हणजे फसवणूक, असं मानणारा एक गट आपल्याकडे आहे. मी त्या गटात नाही. कॉइलला वेढे कमी, गोंगाट कमी, लांब वायरने आवाज मरत नाही. ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळुरूला मेटालिका ऐकायला गेलेल्यांनी हेटफिल्डच्या उजव्या हाताचा कापीव आवाज ऐकलाच असेल. तो असाच होतो. तक्रार एकच : कुठल्याही गिटारीत घाला, गिटार ओळखू येत नाही. फिशमनने २०१४ मध्ये तारेऐवजी छापील सर्किटचे थर वापरून फ्लुएन्स काढला. तो चांगला आहे, आणि त्यात भांडण्यासारखं काही नसल्यामुळे मी पुढे जातो.

हे सगळं खऱ्या अर्थाने कानावर पडायचं ते धोबी तलावच्या रंगभवनात. १९८६ पासूनचं इंडिपेंडन्स रॉक, उघडं आकाश, झेवियर्सची भिंत, आणि शेवटची कर्जत चुकेल या धास्तीने घड्याळाकडे जाणारे आमचे डोळे. मंचावरच्या गिटारीत कुठला पिकअप आहे यावर आम्ही पैजा लावायचो, आणि त्या कानांनी लावायचो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर आजूबाजूच्या रुग्णालयांमुळे, कॉलेजांमुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातला रॉक संपला. रुग्णांच्या झोपेबद्दल माझी तक्रार नाही. पर्यायी जागा कुणी दिली नाही, ही आहे. त्याच सुमारास डेमॉनिक रेझरेक्शन, मग भयानक मौत, झिग्नेमा अशी मुंबईची पोरं उभी राहिली. त्यांनी मिळेल त्या हॉलमध्ये, मिळेल त्या ॲम्पवर वाजवलं. फेब्रुवारी २००८ मध्ये मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात आले तेव्हा मैदानात अंबरनाथ-बदलापूरचे चेहरे कमी नव्हते.

आजच्या पोरांकडे आमच्यापेक्षा चांगल्या गिटारी आहेत आणि वाजवायला खोली नाही. इंटरफेस, लॅपटॉप, हेडफोन. शेजारी खूश. पण गरम पिकअपने स्वस्त इंटरफेसचं इनपुट आधीच लाल होतं, आणि तिथलं फाटणं व्हॉल्व्हचं नसतं, ते नुसतं फाटणं असतं. मग पोरगं सॉफ्टवेअरला शिव्या देतं आणि आणखी गरम पिकअप मागवतं. ड्रमरसमोर उभं न राहता जडपणा ठरवणाऱ्या या पिढीच्या कानांची मला काळजी वाटते. हे म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून द्यायचं असेल तर खुशाल द्या.

माझं मत असं. खरा व्हॉल्व्ह ॲम्प असेल आणि तो मोठ्याने लावता येत असेल, तर सुपर डिस्टॉर्शन घ्या, आजही. पेडल किंवा लॅपटॉप असेल तर मध्यम आउटपुटचा, वेढे बेताचे आणि चुंबक जोरकस असा हमबकर घ्या. सूर खूप खाली उतरवत असाल तर सिरॅमिक. मंच मोठा आणि वायर लांब असेल तर ॲक्टिव्ह. आणि यातलं काहीही विकत घेण्याआधी शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तार यांच्यातलं अंतर मोजा. दोन मिलिमीटरहून कमी असेल तर स्क्रू ढिले करून पिकअप थोडा खाली घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

शेवटी एक विनंती. मिरवणुकीत वाजलेल्या बँजोचा, हाताने गुंडाळलेला जुना पिकअप कुणाच्या माळ्यावर पडलेला असेल तर तो भंगारात देऊ नका. अंकाच्या पत्त्यावर कळवा. तारेची जाडी, चुंबक आणि मोजता आले तर वेढे लिहून घेईन आणि पिकअप जसाच्या तसा परत करीन.