दोन्ही कामांची एक रायफल

फर्दापूरच्या टी पॉइंटवर बस थांबते, पर्यटक उतरतात आणि अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या गाडीच्या रांगेत उभे राहतात. चित्रं बघायला आलेल्या माणसाच्या डोक्यात रायफल येण्याचं काही कारण नाही. पण ही लेणी बाहेरच्या जगापुढे पुन्हा आली ती शिकारीमुळेच. मद्रास सैन्यातल्या २८व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीत शिरला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून गेला. आसपासच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊक होतीच. त्यांनी खांबावर नावं कोरली नव्हती, एवढंच.

स्मिथच्या काळातली शिकारी बंदूक म्हणजे ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, कानात चिमूटभर दारू घालायची आणि चकमकीची ठिणगी नीट पडेल अशी आशा धरायची. पावसाळ्यात ती आशाही धरायची नाही. एक बार काढल्यावर दुसरा भरेपर्यंत जखमी वाघाला हवा तेवढा वेळ मिळायचा. अशा हत्यारावर जीव टांगलेला असताना ‘कोणती बंदूक घ्यावी’ हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

पुढे १८४४ पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल या भागात येऊन राहिला. स्थानिक मुलगी पारो आणि गिल यांची प्रेमकथा मराठी वाचकाला कवी ना. धों. महानोरांमुळे परिचित आहे; गिल पट्टीचा शिकारी होता, हे त्या मानाने कमी बोललं जातं. त्याने काढलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६४ मध्ये, त्याच्या कॅमेऱ्यातून उतरलेल्या शंभर स्टिरिओ छायाचित्रांचं पुस्तक निघालं होतं. त्यात वास्तुशिल्पाबरोबर ‘निसर्ग-इतिहास’ही होता. त्या काळी निसर्ग-इतिहासाचा रस्ता बहुधा बंदुकीच्या नळीतूनच जायचा.

गिल सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरात फिरत होता त्याच काळात, तापीपलीकडच्या निमाडात, कॅप्टन जेम्स फोरसिथ हा दुसरा अधिकारी जमीन महसुलाचं काम करत होता आणि नेमक्या याच प्रश्नावर डोकं खाजवत होता: हिंदुस्थानच्या जंगलात हिंडणाऱ्या माणसाने एकच रायफल घ्यायची तर कोणती? १८६३ मध्ये त्याचं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावरचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं.

त्याचं उत्तर समजण्यासाठी नळीत डोकावावं लागेल. रायफलच्या नळीत आतून मळसूत्री, पीळदार खाचा असतात. त्यांत धरली गेलेली गोळी फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी फिरत राहिल्यामुळेच आपली दिशा सोडत नाही. लांबट गोळीला तोंड पुढे ठेवून जायला जास्त पीळ लागतो. गोल गोळीला तोंड-शेपूटच नसल्याने थोडा पुरतो. त्या वेळी सैन्यात नवी होती ती लांबट गोळीची एनफिल्ड रायफल, १८५७ च्या काडतुसांमुळे बदनाम झालेली. ती बनली होती शेकडो यार्डांवरच्या शत्रूच्या फळीवर मारा करायला. पण गोळी जड आणि वेग कमी, त्यामुळे तिची वाट कमानीसारखी. अंतराचा अंदाज वीस-तीस यार्डांनी चुकला तरी गोळी सांबराच्या पाठीवरून किंवा पोटाखालून निघून जायची.

फोरसिथने आधी अंतर मोजलं. झाडीत जनावर दिसतं ते बहुधा शंभर यार्डांच्या आत. दीडशेच्या पुढे बार टाकणं म्हणजे जनावर जखमी करून सोडणं. मग पाचशे यार्डांची तयारी कशाला? त्याने उलटी वाट धरली: मोठ्या बोअरची गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी कमी पीळ. १४ बोअरच्या नळीसाठी त्याने १०४ इंचांत एक फेरा एवढाच पीळ सुचवला. १४ बोअर म्हणजे एका पौंडात चौदा मावतील एवढ्या शिशाच्या गोळ्यांची नळी. एकेक गोळी सुमारे ३२ ग्रॅमची. पीळ कमी असल्याने दारू वाढवली तरी गोळी खाचा सोडून घसरत नाही, वेग वाढतो आणि शंभर यार्डांपर्यंत ती जवळजवळ सरळ जाते. चांदमारीच्या मैदानावर लांब पल्ल्यात लांबट गोळीच सरस, हे त्यालाही मान्य होतं. पण त्याला चांदमारीची बक्षिसं नको होती.

रायफल निवडण्यावरच्या आजवरच्या लिखाणात फोरसिथचा ‘आधी अंतर, मग रायफल’ हा क्रम सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दुकानातल्या रायफलीपासून सुरुवात करणारा माणूस शेवटी दुकानदाराची पसंती घरी आणतो.

फोरसिथची रायफल फार वर्षं टिकली नाही. भरपूर दारू आणि हलकी गोळी असलेल्या ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या, मग धूर न करणारी दारू आली. आधी बार काढला की समोर पांढरा पडदा उभा राहायचा आणि वाघ पडला की आपल्याच दिशेने निघाला, हे तो विरेपर्यंत कळायचं नाही. नव्या दारूने तो पडदा गेला, गोळ्या बारीक झाल्या आणि वेग दुपटीच्या आसपास गेला. .२७५ रिग्बी (इथे आकडा नळीच्या इंचांतल्या व्यासाचा) हे या नव्या जातीचं नामांकित उदाहरण. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली, ती हीच. सुमारे नऊ ग्रॅमची गोळी, सेकंदाला आठशे मीटरांहून जास्त वेग. शंभर मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेखाली जेमतेम आठ सेंटिमीटर उतरते. खांद्याला धक्का बेताचा, वजन डोंगर चढताना जाच होणार नाही इतकं. एकाच रायफलीत सगळं हवं, तर याहून जवळचं उत्तर त्या काळी क्वचित होतं. तरीही कॉर्बेट जवळच्या, धोक्याच्या कामासाठी दोननळी .४५०/४०० बाळगून होताच.

हिंदुस्थानातली निवड मात्र नुसती शिकाऱ्याच्या हाती कधीच नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने इथे .४५० बोअरवर बंदी घातली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअर तोच, तेव्हा तशी काडतुसं बंडखोरांच्या हाती लागू नयेत, ही धास्ती. विलायती बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी माळच लावली; .४७० तर पुढे आफ्रिकेतही नावाजली. सैन्याची .३०३ ही खाजगी माणसाला वर्ज्य, म्हणून तिच्या जागी .३१५ रुळली. आजही परवानाधारकाच्या घरातली रायफल बहुधा इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली ‘थ्री फिफ्टीन’ असते, आणि तिच्या काडतुसांवर खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का दिसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी भीतीने ठरवलेला बोअर अजून चालू आहे.

शिकार मात्र बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही जनावरांसाठी परवान्याची वाट ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बुजवली. आज फर्दापूरच्या डोंगरात छर्ऱ्याच्या बंदुकीने ससा टिपणं हासुद्धा गुन्हा आहे. शीर्षकातल्या ‘शिकार आणि निशाणा, दोन्हींसाठी एक रायफल’ या प्रश्नातला पहिला अर्धा भाग कायद्यानेच खोडून टाकला आहे.

पूर्ण खोडला, असंही नाही. सोयगाव तालुक्यातल्या कपाशी-मक्याच्या शेतकऱ्याला रोही आणि रानडुक्कर यांच्याबद्दल विचारलं तर तो तासभर बोलेल. एक कळप एका रात्रीत मक्याचं रान आडवं करतो. झटका मशीन, फटाके, बुजगावणी, रात्रीची राखण हे सगळं करून झालं की कुणीतरी बंदुकीचं नाव काढतोच. पिकाची नासाडी करणारे रोही आणि रानडुक्कर मारण्यासाठी वनखात्याकडून परवानगी मिळण्याची तरतूद राज्य सरकारने २०१५ मध्ये केली. पण ती परवानगी ठरावीक जागेपुरती आणि ठरावीक मुदतीची. तिला शिकार समजून चालणाऱ्याची गाठ थेट कोर्टाशी पडते.

त्यातही रायफल हे सपाट रानातलं बेभरवशाचं हत्यार आहे. .२२ सारखी चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते; .३१५ ची त्याहून कितीतरी पुढे. रोह्यामागे कपाशी, कपाशीमागे बांध आणि बांधामागे शेजाऱ्याची वस्ती, असं रान असेल तर नेम चुकल्यावर गोळी कुठे थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. मचाणावरून खाली मारण्याचा जुना रिवाज वाघापासून वाचण्यासाठी होता हे खरं, पण त्याचा दुसरा फायदा असा की गोळी जमिनीत जाते.

शिकारीची रायफल निशाण्याच्या मैदानावर आणि निशाण्याची रायफल जंगलात का चालत नाही, ते कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेकडे बघून कळतं. राधानगरी तालुक्यातला, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला हा रेल्वेचा तिकीट तपासनीस १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन उभा होता. या प्रकारातली .२२ रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते. शिकारीची साधारण त्याच्या निम्म्याने. जडपणा मुद्दाम असतो, कारण जड नळी श्वासाने आणि नाडीच्या ठोक्याने कमी हलते. दस्त्याला गालाची, खांद्याची, हाताची वेगवेगळी सरकपट्टी. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असं तीनदा ते सगळं बदलायचं. चाप इतका हलका की बोट टेकताच बार सुटावा. असा चाप असलेली रायफल खांद्यावर घेऊन काट्याकुट्यांतून चालणं म्हणजे शेजारच्या माणसाच्या जिवाशी खेळ.

उलट शिकारीची रायफल घेऊन मैदानावर गेलं तर? ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. वाघाला पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं, इथे नाही. पात्रता फेरीतच साठ गोळ्या झाडायच्या; .३१५ च्या धक्क्याने विसाव्या गोळीपासून खांदा बोलायला लागेल आणि नेमबाज बार सुटण्याआधीच दचकू लागेल. ही दचकण्याची खोड एकदा लागली की महिनोन्‌महिने जात नाही.

दोन्ही कामं एकाच रायफलीने करण्याची परंपरा जिवंत बघायची तर नॉर्वेत जावं लागतं. तिथे मोठ्या जनावराच्या शिकारीला निघणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: शंभर मीटरवर रेनडिअरच्या आकृतीवर पाच गोळ्या, आणि त्याही शिकारीला न्यायच्याच रायफलीने. ६.५x५५ हे काडतूस तिथे मैदानात आणि जंगलात पिढ्यान्‌पिढ्या चाललं. शिकार कायदेशीर, काडतूस सैन्याचं असूनही नागरिकाला खुलं आणि मैदान गावाशेजारी असल्यामुळे ते जमलं. आपल्याकडे यातली एकही गोष्ट नाही.

भारतातला शस्त्र कायदाही या दोन कामांत भेद करतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य निशाण्यासाठी .२२ किंवा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला ही मर्यादा लागू नाही. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअर रायफलीला तर परवानाच लागत नाही. २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १० मीटरवर झाडतो ती याच बोअरची. म्युनिकमध्ये २०१० साली विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटरवर झोपून झाडत होती, ती .२२.

फर्दापूर-सोयगावकडच्या मुलाला किंवा मुलीला रायफल पहिल्यांदा हातात मिळते ती बहुधा कॉलेजच्या एनसीसीत, आणि तीही .२२ च. तिथे हात बसला आणि पुढे जायचं ठरलं, तर पहिलं वर्ष क्लबची एअर रायफल वापरावी, असंच बहुतेक प्रशिक्षक सांगतात. दस्त्याची लांबी शरीराप्रमाणे बसवावी लागते आणि वाढत्या वयात ते माप बदलत राहतं. घाईने घेतलेली महागडी रायफल वर्षभरात आखूड पडू शकते. रायफल घेतल्यावर मग छर्ऱ्यांची पारख करायची. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे छर्रे, पण दोन लॉटमधले असतील, तर तीच रायफल एका लॉटने ठिपक्यावर ठिपका मारते आणि दुसऱ्याने पसरून. म्हणून जाणकार नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, वेगवेगळ्या लॉटचे छर्रे झाडून कागदावरची भोकं मोजतात आणि जो लॉट जुळतो त्याचे डबे हंगामभर पुरतील एवढे एकदमच घेऊन ठेवतात.